पाचव्या कोंबडीचा तुरा

इल्पो राइहाने कोंबड्या पाळायचं ठरवलं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्याच्या तोंडून ते निघून गेलं, एवढंच.

सासूबाईंच्या वाढदिवसाची कॉफी चालली होती. सप्टेंबर होता, बर्चची पानं पिवळी पडली होती, आणि वेलचीच्या गोड पावाचा दुसरा हप्ता टेबलावर आला होता. अशा वेळी माणसाने पाव खावा आणि गप्प बसावं. पण समोर रेइयो बसला होता. रेइयो म्हणजे इल्पोच्या बायकोचा, हेल्काचा, धाकटा भाऊ. तो गावाकडे घरची शेती बघत असे आणि शहरातल्या माणसांविषयी त्याची मतं पक्की होती.

"दाजी, तुम्हा शहरवाल्यांना मांजर जमतं," रेइयो म्हणाला. "फार तर कुंडीतलं झाड. हिवाळ्यात कोंबडी जगवायची म्हणजे काय चेष्टा आहे? आणि तुम्ही तर विमावाले. कोंबडी मेल्यावर पंचनाम्याला येणार तुम्ही!"

सगळे हसले. सासूबाई लेम्पी सर्वांत जास्त वेळ हसल्या. त्याचं इल्पोला काही वाटलं नाही. सासूबाई लग्नापासूनच हसत होत्या. पण हेल्काही हसली, आणि ते त्याला लागलं. त्याने कप बशीत ठेवला आणि कचेरीत नुकसानभरपाई नाकारताना काढायचा तो आवाज काढला.

"थंडीचा प्रश्नच नसतो रेइयो. प्रश्न जातीचा असतो. नीट विचार करून जात निवडली, तर उणे पस्तीसातही कोंबडी मजेत राहते. मी या हिवाळ्यात दाखवतोच."

लेम्पीबाईंनी जावयाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःला हिवाळा झेपत नाही. ऑक्टोबरात तुमचं नाक गळायला लागतं."

कोन्तिओवारा भागातल्या इल्पोच्या सोसायटीत सहा घरं एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभी होती आणि प्रत्येकाच्या मागे टेबलक्लॉथएवढं अंगण होतं. सोमवारी सकाळपर्यंत बातमी सहाही घरांत पोचली. ती इल्पोने सांगितली नव्हती. त्याने फक्त शेजारच्या सुलो मोइलानेनला लाकडी फळ्यांबद्दल विचारलं होतं. सुलो म्हणजे बर्फ काढायच्या गाडीवर आयुष्य घालवून निवृत्त झालेला मनुष्य. जिथे काहीच होत नाही तिथेही काहीतरी उपसून काढायची त्याला सवय होती.

"पायांवर पिसं असलेली घे," सुलो म्हणाला. "आशियातली मोठी कोंबडी असते ना, विजार घातल्यासारखी? ती. तिला थंडी वाजूच शकत नाही. विजार आहे!"

इल्पोने वाचलं. पायांवरच्या पिसांत ओला बर्फ अडकतो, त्याचे गोळे होतात आणि कोंबडी बूट घातल्यासारखी चालते. विजार बाद झाली. मग रेशमासारख्या मऊ केसांची जात पाहिली. ती दिसायला इतकी उबदार की हेल्का म्हणाली हीच आण, मी मांडीवर घेऊन टीव्ही बघीन. पण त्या मऊपणातून पाणी थेट कातडीपर्यंत जातं. तीही बाद. मग इटलीकडची पांढरी, भरपूर अंडी देणारी. तिचा तुरा इतका उंच आणि पातळ की पहिल्याच गारठ्यात त्याची टोकं काळी पडून झडायची. बाद.

रेइयोच्या शेतावर गावठी कोंबड्या होत्या. बारक्या, चपळ, शेकडो वर्षं इथल्याच बर्फात वाढलेल्या. खरं तर त्यांच्यात वाईट काहीच नव्हतं. पण त्या रेइयोच्या होत्या. इल्पोने त्यांचा निःपक्षपातीपणे विचार केला आणि त्या बाद केल्या.

शेवटी त्याला हवी ती सापडली. वायनडॉट. अंगाने गुबगुबीत, पिसं दाट, आणि तुरा कसा, तर उभा नाहीच. डोक्यावर चपटा, घट्ट बसलेला, खडबडीत. वाऱ्याने धरायला जागाच नाही. इल्पोने फोटो हेल्काला दाखवला.

"टोपी घालूनच जन्माला आलीय," हेल्का म्हणाली.

"म्हणजेच योग्य जात," इल्पो म्हणाला. त्या रात्री त्याला फार छान झोप लागली.

आता परवानगी. सोसायटीच्या अध्यक्ष ओर्वोक्की तोलोनेनबाई रांगेतल्या शेवटच्या घरात राहत. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, चर्चच्या गायकवृंदात पहिल्या ओळीत उभ्या राहणाऱ्या. गायनाला जाताना लाल रंगाची उंच फेल्टची टोपी डोक्यावर जराशी तिरपी घालत. त्या टोपीखालून बघितलं की समोरच्याला आपण बेसूर आहोत असं वाटायचं.

"कोंबडा नको," तोलोनेनबाई म्हणाल्या.

"नाहीच आणणार."

"आणि खुराडं माझ्या खिडकीतून दिसायला नको."

खुराडं त्यांच्या खिडकीतून दिसणार नाही अशा जागी वारा थेट लागत होता. वारा न लागणाऱ्या जागी ऊन येत नव्हतं. जिथे ऊन होतं आणि वारा नव्हता तिथे हेल्काचं आंबट देठांच्या रेवंदचीनीचं झुडूप होतं, आणि हेल्काने त्याच्यासमोर उभं राहून हाताची घडी घातली. खुराडं तीनदा हललं. तिसऱ्यांदा हलवताना सुलोची कंबर धरली. पुढे आठवडाभर तो अंगणात खुर्ची टाकून तिथूनच सल्ले देत होता.

नगरपालिकेत फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी विचारलं, "दार आहे का?"

"कोंबड्यांना जायला यायला आहे."

"माणसाचं?"

"एक आहे. साफसफाईला."

"मग माणूस आत उभा राहू शकतो का ते बघावं लागेल. उभा राहत असेल तर ती इमारत."

बघायला एक साहेब आले. उंच, सज्जन, गळ्यात मोजपट्टी. इल्पो कामावर गेला होता. साहेब स्वतःच वाकून आत गेले, वाऱ्याने दार लागलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. ती कडी इल्पोने कोल्ह्यांचा विचार करून बसवली होती, आणि ती उत्तम होती. सुलोने खुर्चीतून आतले ठोके ऐकले. त्याला वाटलं, कोंबड्या आल्या वाटतं. भारीच जोरकस दिसतात. अर्ध्या तासाने हेल्का घरी आली तेव्हा साहेबांची सुटका झाली. ते भुशावर मांडी घालून बसले होते.

"उभं राहता येत नाही," कपडे झटकत ते म्हणाले. "ते मी खात्रीने सांगतो. बसता मात्र छान येतं. ही इमारत नाही."

निघताना त्यांनी हेल्काला आणखी सांगितलं की दक्षिणेच्या कोपऱ्यात झोत लागतो, तेवढा बघा.

कोंबड्या मिळणार होत्या समुद्रकाठी, अर्ध्या देशापलीकडे, याल्मार न्यूब्लोम नावाच्या गृहस्थांकडे. इल्पो ऑक्टोबरच्या एका शनिवारी पहाटे निघाला आणि दुपारी पोचला. त्याची समजूत अशी की आपण कोंबड्या पसंत करायला आलो आहोत. प्रत्यक्षात न्यूब्लोम त्याला पसंत करणार होते.

"वारा कुठून येतो तुमच्याकडे?" न्यूब्लोमनी दारातच विचारलं.

"उत्तरेकडून."

"झरोके?"

"वर दोन. उघडे ठेवणार. थंडीपेक्षा दमटपणा वाईट."

"दांडी?"

"रुंद. म्हणजे बसल्यावर पायाची बोटं पोटाखाली झाकली जातील."

न्यूब्लोमनी इल्पोच्या लाल झालेल्या कानांकडे जरा संशयाने पाहिलं, पण हात पुढे केला. मग कॉफी झाली, मग न्यूब्लोमनी जातीच्या गुणदोषांवर दीर्घ भाषण दिलं, आणि इल्पो इतक्या जाणकारीने मान हलवत राहिला की संधिप्रकाशात खोक्यात कोणत्या पाच कोंबड्या चढल्या ते वाकून बघणं त्याला कमीपणाचं वाटलं.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी मागच्या अंगणात जमली. इल्पोने खोकं उघडलं. एक बाहेर आली. रुपेरी पिसं, चपटा तुरा. सुलोने शीळ घातली. दुसरी, तिसरी, चौथी, एकीपेक्षा एक घरंदाज. मग पाचवी बाहेर आली, तिने मान ताठ केली, आणि तिच्या डोक्यावर उंच, पातळ, लालभडक, दातेरी तुरा उभा राहिला आणि किंचित एका बाजूला कलला.

मग सुलो हळूच म्हणाला, "अरे, ही तर ओर्वोक्की!"

सुदैवाने तोलोनेनबाई चर्चमध्ये होत्या. दुर्दैवाने नाव चिकटलं.

इल्पोने न्यूब्लोमना फोन लावला.

"होतं असं," न्यूब्लोम शांतपणे म्हणाले. "आईबापांचे तुरे चपटे असले तरी रक्तात जुना उभा तुरा लपलेला असतो. कधीतरी पोरीच्या डोक्यावर उगवतो. जात शुद्ध आहे हो."

"पण तो तुरा गोठेल! मी जात निवडली ती तुऱ्यासाठी!"

"मग बघून घ्यायच्या होत्या. व्हॅसलीन लावा."

अशा रीतीने डिसेंबरात, जेव्हा या भागात सूर्य जेमतेम तोंड दाखवतो, तेव्हा इल्पो राइहा रोज सकाळी कपाळावर दिवा बांधून, काखेत कोंबडी धरून, तिच्या तुऱ्याला व्हॅसलीन चोळताना दिसू लागला. बाकीच्या चौघी जातीला शोभेल अशा निवांत बसून असत. ओर्वोक्कीला मात्र सगळीकडे नाक खुपसायचं असे. दार उघडलं की बर्फात पहिली ती. पाण्याचं भांडं गोठलं की चोच आपटून तक्रार करणारी ती. इल्पोच्या कोटाला पिसं आणि बोटांना व्हॅसलीन कायमचं लागलं. फुटलेल्या नळाची भरपाई मागायला आलेल्या एका बाईंच्या हातातून त्याचा हात सुळकन निसटला, आणि त्या बाईंना वाटलं कंपनी आपला दावा फेटाळतेय.

रेइयो फोनवर म्हणायचा, "दाजी, दिवा लावा खुराड्यात. मोठा, लाल, उबेचा."

इथे इल्पो ठाम होता. असल्या दिव्यांनी जळालेल्या शेडांची राख त्याने नोकरीत पुष्कळ पाहिली होती. सुलो म्हणायचा, "निदान ते वरचे झरोके तरी बुजव. ऊब सगळी वर निघून जाते." इल्पो त्याला समजावायचा की कोंबड्यांच्या श्वासाची वाफ बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर तीच तुऱ्यावर गोठते. सुलो मान हलवायचा. पण ती मान पटल्याची नसायची.

नाताळ सरला आणि खरी थंडी पडली. पारा उणे तिशीच्या खाली गेला. गारठ्याने आकसणाऱ्या लाकडी भिंती रात्री बंदुकीसारख्या वाजायच्या. शनिवारी सकाळी इल्पोने खुराडं उघडलं तर आत सगळीकडे पांढरं दव गोठलेलं. भिंतींवर, दांडीवर, चौघींच्या पाठीवरही. आणि ओर्वोक्कीच्या तुऱ्याची तीन टोकं फटफटीत पांढरी. ती नेहमीप्रमाणे धावत आली नाही. एका पायावर डोळे मिटून उभी होती.

इल्पोने वर पाहिलं. दोन्ही झरोक्यांत करड्या रंगाचं काहीतरी कोंबलेलं होतं. त्याने ते ओढून काढलं. लोकरीचे मोजे होते.

"सुलो!"

सुलो कुंपणापलीकडे उभाच होता. त्याचा चेहरा उजळला. "झोपली ना चांगली? काल संध्याकाळी मला राहवेना. माझ्या बायकोने विणलेत. सगळ्यात जाड जोडी दिली."

इल्पोच्या मनात एक पूर्ण भाषण तयार होतं. पण समोर टाचा दुरुस्त केलेले मोजे होते आणि काखेत थरथरणारी कोंबडी. तो एवढंच म्हणाला, "मोजे सुंदर आहेत सुलो. पायात घाल." आणि घरात शिरला.

गोठलेल्या तुऱ्याला ऊब एकदम नको आणि गारठाही नको. अशी जागा एकच होती, सौनाच्या, म्हणजे घरातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरची कपडे बदलायची खोली. हेल्का टॉवेल घेऊन तिथे आली तेव्हा बाकावर खोकं, खोक्यात कोंबडी, आणि खोक्याशेजारी इल्पो गुडघ्यावर बसून तुऱ्यावर फुंकर घालत होता.

"आज शनिवार आहे," हेल्का म्हणाली.

"मला माहीत आहे."

"शनिवारी सौना तापतो, इल्पो. माझ्या आजीने लढाईतही तापवला होता."

"तापवला तर हिला त्रास होईल. तुरा दुखतोय तिचा." तो मान वर न करता म्हणाला, "माझ्यामुळे झालंय, हेल्का. रेइयोला दाखवायला म्हणून मी हिला इथे आणली. ती काय बोलवा म्हणाली होती?"

हेल्काने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं आणि मिशीला पीस चिकटलं होतं. तिने टॉवेल खांद्यावर टाकला, लांब कोट चढवला आणि रांगेच्या टोकाच्या घराची घंटा वाजवली. तोलोनेनबाईंचा सौना मोठा होता आणि त्या एकट्या होत्या.

"आज तुमच्याकडे अंघोळीला येऊ का?" थंडीने दात वाजवत हेल्का म्हणाली. "आमच्या सौनात ओर्वोक्की बसलीय."

तोलोनेनबाई दारात तशाच उभ्या राहिल्या.

"मी तर इथे आहे," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं फार वेगाने झालं. इल्पोला पावलं ऐकू आली, दार उघडलं आणि उंबऱ्यावर तोलोनेनबाई उभ्या. घाईत हाताला लागली ती टोपी घातलेली. तीच लाल, तीच तिरपी. खोक्यातून ओर्वोक्कीने मान वर काढली. दोघींनी एकमेकींना पाहिलं. एवढं साम्य सुलोलाही कधी दिसलं नसेल.

"असं," तोलोनेनबाई म्हणाल्या.

"नाव मी ठेवलं नाही," इल्पो उभा राहत म्हणाला.

"बाकीच्या चौघींची नावं काय?"

"त्यांना... नावं नाहीत."

"मी ऐकलंय की त्या चौघी एकदम अस्सल आहेत. आणि ही पाचवी बिघडलेली." बाईंचा आवाज खालच्या पट्टीत गेला. "आणि नेमकं हिलाच माझं नाव?"

हेल्का त्यांच्या मागे टॉवेल छातीशी धरून उभी होती. इल्पोने विमा कंपनीतली वाक्यं बाजूला ठेवली. मग जे खरं होतं तेच तो बोलला.

"बाई, त्या चौघी दिवसभर दांडीवर बसून असतात. ही एकटी बर्फात उतरते. पाणी गोठलं तर चौघींच्या वतीने हीच आरडाओरडा करते. परवा कोल्हा जाळीपाशी आला तर त्या मागच्या कोपऱ्यात, आणि ही जाळीला चोच लावून उभी. हिचा तुरा इथल्या हवेला चालत नाही हे खरं. पण ती तो खाली घालत नाही. मला तर पाचांत हिचीच काळजी असते."

तोलोनेनबाई वाकल्या आणि जवळून तुरा पाहिला.

"टोकं जाणार?"

"बहुतेक. बाकीचा वाचेल. पण कुठेतरी थंड आणि कोरड्या जागी ठेवायला हवी. घरात गरम होतं, बाहेर मरेल."

"माझा काचेचा व्हरांडा आहे," बाई म्हणाल्या. "जिरॅनियमच्या कुंड्या हिवाळाभर तिथे असतात. पाच अंशांवर. त्यांच्यासाठी दिवेही आहेत." त्यांनी टोपी सरळ केली. "जोपर्यंत थंडी आहे तोपर्यंतच. आणि तिला उचलताना मान धरू नका, आधीच सांगते."

इल्पो रोज संध्याकाळी कामावरून येताना व्हरांड्यात जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात व्हॅसलीन लावायला. दुसऱ्या आठवड्यात व्हॅसलीनची गरज उरली नाही, म्हणून नुसता बघायला. बूट बाहेर काढा, आवाज करू नका, ती आत्ताच बसलीय, अशा सूचना मिळत. तुऱ्याची तीन टोकं झडली, पण जखम भरली. दाराआड बाई पियानोवर गाणी बसवत आणि ओर्वोक्की कुंड्यांमधून येरझारा घालत मध्येच कुरकुर करी. बाईंचं म्हणणं, गाणं बेसूर झालं की ती कुरकुरते. गायकवृंदातल्या कोणाहीपेक्षा तिचा कान चांगला आहे.

फेब्रुवारीत, इल्पोच्या खुराड्यात अंड्याचं नाव नसताना, ओर्वोक्कीने गुलाबी जिरॅनियमच्या कुंडीत अंडं घातलं. मग दुसरं. कुंडीवरचे दिवे दिवस लांबवत होते आणि उजेड वाढला की कोंबडी अंडी घालते, एवढंच त्याचं कारण. इल्पोने ते समजावायचा प्रयत्न केला.

"कारण माहीत असणं वेगळं आणि अंडं असणं वेगळं," तोलोनेनबाई म्हणाल्या.

रेइयो मार्चमध्ये आला, अंगणात फिरला, खुराड्यात वाकून पाहिलं. "चार," तो म्हणाला. "एक गेली ना दाजी?"

"गेली नाही. शेजारी राहते."

"कोंबडी शेजारी राहते?"

"तिची मर्जी," इल्पो म्हणाला. आपण जिंकलो की हरलो, याचा हिशेब त्याला लागेना. रेइयोलाही लागला नाही. जाताना त्याने तेवढं विचारलं की झरोके किती उंचीवर ठेवलेत. त्याच्या गावठी कोंबड्यांपैकी एकीचा तुरा यंदा गोठला होता.

एप्रिलमध्ये सोसायटीची वार्षिक सभा तोलोनेनबाईंच्या दिवाणखान्यात भरली. बर्फ वितळून अंगणांत चिखल झाला होता, आणि इल्पोने सभेनंतर ओर्वोक्कीला घरी न्यायचं म्हणून खोकं सोबत आणलं होतं. छपराची डागडुजी झाली, पत्रपेटीचं कुलूप झालं. मग बाईंनी चष्मा लावला.

"शेवटचा विषय. कोंबडी एकटी राहू शकत नाही, तिला सोबत लागते, हे आपल्याला राइहा यांनीच अनेकदा सांगितलं आहे. तेव्हा ओर्वोक्की व्हरांड्यातच राहील आणि त्यांच्या खुराड्यातल्या दोघी तिच्या सोबतीला इकडे येतील. उन्हाळ्यात माझ्या अंगणात जाळी घातली जाईल. ती माझ्या खिडकीतून दिसली तर चालेल. कोणाची हरकत?"

सुलोने हरकत नाही म्हणून मान हलवली. या वेळी ती मान पटल्याची होती. बाकीची घरं कॉफीकडे बघत होती.

एकच हात वर होता. इल्पोचा. सरळ आणि ताठ. त्याच्या मांडीवर रिकामं खोकं होतं.

"राइहा?" तोलोनेनबाई म्हणाल्या. "काही बोलायचं आहे?"

इल्पोने तोंड उघडलं. काचेपलीकडे ओर्वोक्की कुंडीच्या काठावर उभी होती. तीन टोकं नसलेला तुरा उन्हात लालभडक दिसत होता. तिने त्याला पाहिलं, ओळखलं, काचेवर एकदा चोच मारली आणि पुन्हा मातीत उकरायला लागली. ती मजेत होती.

"इल्पो," हेल्का शेजारून हळू आवाजात म्हणाली, "हात खाली कर."

हात वर राहिला, जरा राहिला, मग खाली येऊ लागला. खाली येता येता तो टेबलावरच्या केकपाशी थांबला. केक पिवळाधमक होता, आणि तो कोणाच्या अंड्यांचा ते सगळ्यांना माहीत होतं.

इल्पोने मोठा तुकडा उचलला.

"हरकत नाही," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "पण रोज संध्याकाळी मी येणार."